एक जण बाकावर

"फिरायला जाता की चर्चला?" हा प्रश्न मला लिफ्टपासून भिशीपर्यंत सगळीकडे गाठतो. आम्ही गाडी काढून कुठेतरी जाऊन येतो, मी फोटो दाखवते आणि किल्ला, धरण, खेकड्याचा रस्सा यांच्या मधोमध एखादं चर्च निघतंच. मग विचारणारीच्या आवाजात थोडी कीव येते. सुट्टीतसुद्धा? परवा पुन्हा तेच झालं. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगून टाकते.

याची सुरुवात भक्तीतून नाही, सासूबाईंच्या धाकातून झाली. आमचे हे वसईचे, कुपारी कॅथलिक. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली कॅथलिक उपासना, चुकवायची नाही, हा त्यांच्या घरचा कायदा. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही दोघं बाहेर निघालो, तर हॉटेल कुठलं, रस्ता कसा आहे, यातलं काही न विचारता सासूबाई म्हणाल्या, "रविवारी कुठं असाल? तिथं देवळाची सोय आहे ना?" देऊळ म्हणजे त्यांच्या बोलीत चर्च. यावर एक पळवाट असते, तीही त्यांनीच सांगितली. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून चालते. शनिवारी ती आटपली की रविवारी पहाटे गाडी काढायला मोकळे. पुढे आमचे सगळे प्रवास या हिशोबाने आखले जाऊ लागले. नकाशावर आधी चर्च, मग मिस्सेची वेळ आणि मग त्याच्या आसपास बघण्यासारखं काय आहे ते.

मी मात्र नगरची, प्रोटेस्टंट. अमेरिकन मराठी मिशन आमच्या गावात 1831 साली आलं आणि माझ्या पणज्यापासून आम्ही त्यातले. आमच्याकडे फादर नसतात, पाळक असतात. मिस्सा नसते, उपासना असते. ना. वा. टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर म्हणत मी मोठी झाले. त्यामुळे लग्नात दोन्हीकडच्या मंडळींनी नाकं मुरडली. बाहेरच्यांना दोघंही 'ख्रिश्चन' म्हणून एकच वाटतो. पण कॅथलिक चर्चमध्ये ख्रिस्तशरीर, म्हणजे वेदीवरची पवित्र भाकर, घ्यायला रांग लागते तेव्हा मला उठता येत नाही, आणि माझ्याकडे तोच विधी प्रभुभोजन म्हणून होतो, त्या वेळी हे उठत नाहीत. म्हणजे कुठेही गेलो तरी आमच्यातला एक जण वेदीकडे जातो आणि एक जण बाकावर राहतो.

सुरुवातीला त्या दहा मिनिटांत मला फार अवघडल्यासारखं व्हायचं. शेजारची माणसं गुडघे आखडून मला ओलांडून जायची, एखादी बाई 'चल की' अशा नजरेने बघायची. खाली मान घालून बसायचं तरी किती? मग मी वर बघायला लागले. छत, खांब, खिडक्या, भिंतीतल्या शिळांवरची नावं. आमचं चर्च 'बघणं' असं सुरू झालं. एक जण चर्चला जातो, दुसरा चर्च बघतो. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर एवढंच आहे, पण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही.

जुन्या गोव्यातलं बॉम जेझू घ्या. सकाळची कोंकणी मिस्सा चालू होती आणि मी बाकावर. समोरची सोनेरी वेदी फोटोत शंभरदा पाहिलेली. बसून पाहिल्यावर लक्षात आलं, की वेदीवर उठून दिसतात ते जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस, चांगले भरभक्कम, वर बघणारे. ज्याच्या नावाचं हे चर्च, तो बाळ येशू त्यांच्या पायाशी एवढासा. उभ्याने दर्शन घेऊन संत फ्रान्सिस झेवियरच्या चांदीच्या पेटीकडे सरकणाऱ्या गर्दीत तो दिसतही नाही. मिस्सेनंतर यांना दाखवलं, तर म्हणाले, "लहानपणापासून येतोय, कधी बघितलंच नाही." कसं बघतील? ते रांगेत असतात ना!

बाहेर आल्यावर समोरच्या से कॅथेड्रलला एकच मनोरा का, यावर आमचा दरवेळी वाद होतो. दुसरा 1776 साली कोसळला. मला तो एकटा मनोराच आवडतो. दोन असते तर चारचौघांसारखं दिसलं असतं.

बाकावरची पाळी यांची आली मेदकला. सोलापूर रस्त्याने निघालो होतो. त्या वाटेवर चौफुल्याला वळून केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन बघायचं, हे माझं जुनं मागणं. (चौफुल्याला थांबलो म्हटलं की लोक डोळे मिचकावतात. तिथली संगीत बारी सगळ्यांना ठाऊक, पंडिता रमाबाई मात्र तिथून जवळच राहिल्या हे बऱ्याच जणांच्या गावी नसतं.) हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणणारी ही बाई 1922 साली गेली. तिथं उभं राहिल्यावर मला बोलायला सुचलं नाही, त्यामुळे त्याबद्दल इथेही जास्त लिहीत नाही.

मेदक तेलंगणात, हैदराबादहून शंभरेक किलोमीटर. चार्ल्स वॉकर पॉस्नेट या पाळकांनी दुष्काळात लोकांना काम आणि पोटाला अन्न मिळावं म्हणून हे बांधकाम काढलं. दहा वर्षं चाललं आणि 1924 च्या नाताळाला चर्च उघडलं. मनोरा 175 फूट. दुष्काळी कामातून आमच्याकडे पाझर तलाव झाले, तिथं हे झालं. आम्ही गेलो तो महिन्याचा पहिला रविवार होता, म्हणजे प्रभुभोजन. उपासना तेलुगूत. मला ओ की ठो कळत नव्हतं.

शेजारी एक म्हातारी होती, पांढरी साडी, हातात कापडी पिशवी. गीत सुरू झालं तसं तिने पुस्तक माझ्यापुढे धरलं. मी मानेनेच वाचता येत नसल्याचं सांगितलं. तिने पुस्तक बाजूला घेतलं नाही. प्रत्येक शब्दाखाली बोट सरकवत ती गात राहिली, पहिलीच्या बाई शिकवतात तशी. नखाच्या कडेला हळदीचा पिवळा डाग होता. चाल माझ्या ओळखीची निघाली आणि मी तिच्या बोटाबरोबर मराठी शब्द म्हणत राहिले. मग आम्ही दोघी मिळून वेदीकडे गेलो. परत आले तर हे बाकावर मान वर करून बसलेले. वेदीमागे रंगीत काचेत येशूचं स्वर्गारोहण आहे, दोन बाजूंच्या खिडक्यांत त्याचा जन्म आणि क्रूस. "तू गेलीस तेव्हा तो लाल रंग त्या खांबाशी होता," हे म्हणाले, "आता बघ कुठवर आलाय." सव्वीस वर्षांत त्यांनी मला एवढं काव्यमय दुसरं काही सांगितलेलं नाही.

आता राहिल्या घंटा. वसईच्या माणसाबरोबर फिरायचं तर त्या येतातच. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि देवळांत बांधल्या. भीमाशंकरला एक आहे, तिच्यावर 1729 कोरलंय. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात एक. लोक दर्शनाच्या बारीत उभे असतात आणि आमचे हे घंटेखाली मान वाकडी करून साल शोधत असतात.

गेल्या पावसाळ्यानंतर वाईला गेलो, तेव्हा मेणवलीला थांबलो. नाना फडणवीसांचा वाडा बघून कृष्णेच्या घाटावर उतरलो. तिथं दगडी बांधकामात ती मोठी घंटा टांगलीय, मरिया आणि बाळ येशूच्या उठावासकट. हे बराच वेळ खाली उभे राहून बघत होते. पायरीवर धोतर पिळत बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "पाव्हणं कुठलं?"

"वसईचे."

आजोबांनी धोतर झटकलं. "मग काय, घंटा न्यायला आला का काय?"

"नाही हो," हे म्हणाले, "बघायला आलो. नीट ठेवलीत तुम्ही."

"वाजवा की मग एकदा."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाटाच्या पायरीवर बसून घेतलं आणि म्हटलं, "जा तुम्ही."