वरच्या रोलचं बेअरिंग थंड झालं, आता तेल पट्टीवर उतरतंय

घरच्या रोलिंग मिलमधल्या वरच्या रोलचा चॉक, म्हणजे बेअरिंग धरणारा ठोकळा, अखेर थंड चालतोय! पट्टी लांब असो की आखूड, पास (पट्टी रोलमधून एकदा काढणं) संपल्यावर चॉकवर तळहात निवांत ठेवता येतो. वरची बेअरिंग का तापतात हे कोडं मागच्या नोंदीत मांडलं होतं; त्यावर ज्यांनी ज्यांनी डोकं लावलं, त्या सगळ्यांना आधी ही बातमी. हुपरीच्या चांदी कारखान्यातून आलेली ही टू-हाय मिल, म्हणजे एकावर एक दोन रोलची, अशी आहे: १०० मिमीचे रोल, ५० मिमीची मान (रोलचं बेअरिंगमध्ये फिरणारं बारीक टोक), ५० मिमी लांब गनमेटल बुश (मानेभोवतीची, तांबं-कथलाच्या मिश्रधातूची नळी), मिनिटाला १५ फेरे. हार्मोनियमच्या सुरांसाठी (आत कंप पावणाऱ्या पट्ट्यांसाठी) कडक, एकसारख्या जाडीची पितळी पट्टी तिच्यावर काढायची, हे ध्येय तेच आहे.

कोडं असं होतं की खालच्या रोलचे बुश कधी तापले नाहीत. वरचे मात्र तापायचे, आणि उजवा इतका की उघडल्यावर बुशच्या माथ्यावर ओरखडे दिसायचे. तेल एकच, गनमेटल एकच, क्लिअरन्स दोन्हीकडे ०.०७ मिमी. मग फरक कशात? स्क्रूडाउन (वरचा रोल खाली दाबणारा स्क्रू) तिरका बसतोय का, धातू हलका आहे का, मान लंबगोल झाली आहे का, हे सगळं तपासून झालं. निळी (टेकण दाखवणारा रंग) लावून पाहिली तर टेकण उत्तम, आणि मानेला गोलाई मोजणारा डायल लावला तर काटा जागचा हलत नाही.

उलगडा झाला तो ड्रिप ऑइलरच्या काचेत. चॉकच्या डोक्यावर मूळचंच छिद्र आहे, त्यावर काचेचा ऑइलर. पट्टी आत नसताना थेंब नियमित पडतो. पट्टीचं तोंड रोलनं धरलं की थेंब थांबतो आणि काचेच्या तळाशी तेल किंचित वर येतं. सोडलेलं तेल परत येतंय! ही गोष्ट मी आमच्या गल्लीतल्या फिटरकाकांना सांगितली. काकांची सगळी नोकरी साखर कारखान्यात मिल हाउसला गेली. ते लगेच म्हणाले, "अरे, वरचा रोलर वरच रेटतोय की. तू दाबाच्या जागीच भोक ठेवलंयस, तेल शिरणार कुठनं?"

पट्टी दोन्ही रोलना एकमेकांपासून दूर ढकलते. खालच्या रोलची मान बुशच्या तळाला दाबली जाते, वरच्याची माथ्याला. त्यामुळे वरून दिलेलं तेल खालच्या रोलला मोकळ्या बाजूनं मिळतं, तर वरच्या रोलला नेमकं जिथं मान गच्च बसली आहे तिथं. पट्टी नसताना वरचा रोल स्वतःच्या वजनानं खाली टेकतो, माथ्याची फट उघडते, तेल शिरतं, आणि पट्टी आली की तेच तेल पिळून बाहेर. म्हणून आखूड पट्टीत सगळं ठीक वाटायचं आणि लांब पट्टीत शेवटी शेवटी मिल कण्हायला लागायची. उसाच्या मिलमध्ये वरचा रोलर असाच हायड्रॉलिकच्या दाबाविरुद्ध वर रेटत असतो. आपल्यापेक्षाही सावकाश फिरतो, गनमेटलवरच फिरतो. कोल्हापूर जिल्ह्यात राहून हे उत्तर गल्लीतच मिळालं याचा मला फार आनंद आहे.

दाब किती, तेही काढून बघितलं. ४० मिमी रुंद पट्टी, एका पासात ०.२ मिमी उतरवायची. रोल आणि पट्टीच्या संपर्काची लांबी म्हणजे ५० गुणिले ०.२ चं वर्गमूळ, जेमतेम ३.२ मिमी. थोड्या कडक झालेल्या पितळेला चौरस मिलिमीटरला ४५० न्यूटन धरले तर एकूण ५७ किलोन्यूटन, म्हणजे पावणेसहा टन. प्रत्येक मानेवर निम्मे. बुशच्या क्षेत्रफळावर चौरस मिलिमीटरला ११ न्यूटनच्या आसपास. गनमेटलला हा भार जड आहे पण पेलतो. अडचण वेगाची आहे. मानेचा पृष्ठभाग सेकंदाला फक्त ३९ मिमी सरकतो. एवढ्या संथ गतीत तेलाचा पूर्ण थर तयार होऊन मान उचलली जाणं शक्यच नाही, धातू धातूला घासतच राहणार. घर्षणांक ०.१ धरला तर एका मानेत ११० वॅट उष्णता, चार मानांत साडेचारशेच्या जवळ. आणि प्रत्यक्ष पितळ दाबायला लागतात २८० वॅट! म्हणजे पट्टीपेक्षा जास्त ताकद बेअरिंगच खातात. वर्म गिअरबॉक्सचं नुकसान धरलं की २ एचपीची मोटर का लागते ते कळतं.

मोठ्या मिलमध्ये हाच प्रश्न वेगळ्या पद्धतीनं सुटतो. अमेरिकेतल्या वुस्टरच्या मॉर्गन कंपनीनं तयार केलेली मॉर्गॉइल बेअरिंग वेगात असताना तेलाच्या थरावर मान तरंगवतात, आणि भाराखाली सुरुवात करायची असेल तर पंपानं दाबाचं तेल आत सोडून मान आधीच उचलायची सोय ठेवतात. आपल्या घरच्या मिलला एवढा उच्च दाबाचा पंप परवडणारा नाही. जालन्याच्या री-रोलिंग मिलमध्ये फायबर बेअरिंग पाण्यावर चालतात, त्याचाही विचार केला. पण फायबर उष्णता वाहून नेत नाही, पाणी अखंड लागतं, आणि माझ्या वर्कशॉपमध्ये पाणी उडालं की शेजारच्या लेथच्या बेडवर गंज. तो विचार सोडला.

मग नवे बुश केले. तेल वरून बंद. घड्याळाच्या तीन आणि नऊच्या जागी, म्हणजे दाबाच्या दिशेला काटकोनात, दोन आडव्या ग्रूव्ह. रुंदी ६ मिमी, खोली दीड मिमी, दोन्ही टोकांना ७-७ मिमी बंद ठेवली म्हणजे तेल बाजूनं पळत नाही. दोन अशासाठी की मिल उलटसुलट दोन्हीकडे चालते. एकाच बाजूला ग्रूव्ह ठेवली तर सरळ पासात बुश थंड आणि उलट्या पासात गरम, हे जुन्या बुशला एका बाजूनं चर मारून प्रत्यक्ष पाहिलं. ग्रूव्हच्या कडा मात्र स्क्रेपरनं गोल करा, धार राहिली तर तीच तेल खरवडून काढते. हा एक मुद्दा टर्नरला चार वेळा सांगितला तरी शेवटी आपल्यालाच हातानं करावा लागतो.

चॉक हाउसिंगच्या (मिलच्या चौकटीच्या) खिडकीत सरकतो, त्यामुळे बाजूनं तेलाचं निपल लावायला जागाच नाही. बाहेरच्या तोंडाकडून मानेला समांतर ६ मिमीचं भोक घेतलं आणि ते ग्रूव्हमध्ये उघडलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातून भंगारातल्या व्हीएमसीचा (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनचा) वन-शॉट पंप, म्हणजे एका दाबात सगळीकडे तेल सोडणारा, आणला होता, तो मात्र इथं चालला नाही. ते पंप आणि त्यांचे मीटरिंग नोझल पातळ स्लाइडवे ऑइलसाठी असतात. माझं घट्ट तेल, व्हीजी ४६० (व्हीजी म्हणजे तेलाच्या घट्टपणाचा क्रमांक), त्यातून थंडीच्या सकाळी सरकतच नाही. ज्यांच्याकडे असा पंप आहे त्यांनी तो लेथच्या स्लाइडला लावावा, तिथं तो सोन्यासारखा आहे. मिलवर साधा ड्रिप ऑइलर आणि तांब्याची नळीच बरी. नायलॉनची नळी चॉकच्या हालचालीनं कडेला घासते.

तेलाबद्दल आधीही वाद झालाय, माझं मत सांगून टाकतो. दुकानात गेलं की ईपी ९० (जास्त दाबासाठीचं गिअर ऑइल) हातात देतात. त्यात सक्रिय गंधक असेल तर तांब्याचे मिश्रधातू काळे पडतात, म्हणजे बुशही आणि पट्टीही. मी वापरतोय ते स्टीम सिलिंडर ऑइल, थोडी चरबी मिसळलेलं, व्हीजी ४६०. संथ गतीत चरबीचे रेणू धातूला चिकटून राहतात आणि गनमेटलला त्रास देत नाहीत. वर्म गिअरलाही हेच घातलंय.

निकाल: लांब पट्टीनंतर जिथं ७२ अंश यायचं तिथं आता ४४. मोटरचा करंट ३.१ वरून २.६ अँपिअरवर. इन्फ्रारेड गन वापरणाऱ्यांना एक सूचना, चकचकीत मानेवर किंवा घासलेल्या चॉकवर ती कमी तापमान दाखवते. काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर मोजा.

आता नवीन डोकेदुखी. बुशला तेल पुरेपूर मिळायला लागलं, तसं ते आतल्या बाजूनं रोलच्या खांद्यावर आणि तिथून पट्टीच्या कडेला उतरायला लागलं. त्याचे दोन परिणाम. एक, ज्या कडेला तेल आहे तिथं पकड बदलते आणि पट्टी केळ्यासारखी एका बाजूला वळते. पकडीचं गणित तर फार कडक आहे: एका पासात रोल आपणहून जास्तीत जास्त घर्षणांकाच्या वर्गाला त्रिज्येनं गुणून येईल तेवढंच ओढून घेतो. ०.१ ला अर्धा मिमी, पण ०.०५ ला फक्त ०.१२५. माझा ०.२ चा पास त्यात बसतच नाही, पट्टी तोंडाशीच घसरते. दुसरा परिणाम जास्त जिव्हारी लागणारा. ॲनील केल्यावर (भट्टीत तापवून मऊ केल्यावर) कडेला तपकिरी डाग. सुराच्या पट्टीवर डाग म्हणजे ती पट्टी बाद, कारण पॉलिश करून डाग काढला की जाडी बदलते.

पहिला बेत होता तेल अडवायचा: मानेवर व्ही-रिंग (तेल अडवणारी रबरी कडी), बुशच्या आतल्या टोकाला एक गोल चर आणि तळाला निचऱ्याचं भोक. व्ही-रिंग आणूनही ठेवल्या. रोलचा खांदा आणि चॉक यांत ९ मिमी जागा आहे, बसतील.

पण लिहिता लिहिता दुसरंच सुचलंय. सेंझिमीर मिलमध्ये (बारीक रोलना मागून अनेक बेअरिंगचा आधार असलेल्या मिलमध्ये) पट्टीवर फवारलं जाणारं रोलिंग ऑइलच बॅकिंग बेअरिंगनाही वंगण पुरवतं. तिथं गळती हा प्रश्नच उरत नाही, कारण दोन्हीकडे एकच तेल. मग आपण गळती थांबवण्यापेक्षा ती निरुपद्रवी का करू नये? हवं असं तेल, जे बुशमध्ये घट्ट राहील आणि भट्टीत डाग न ठेवता उडून जाईल.

पॉलिब्यूटीन! तापलं की त्याचे लांब रेणू तुटून वायू होतात, कोळसा मागे राहत नाही. म्हणूनच तांबं आणि ॲल्युमिनियमच्या रोलिंग ऑइलमध्ये ते घालतात. चिकट पदार्थ बनवणाऱ्या एका ओळखीच्या कारखान्यातून बाटलीभर नमुना मिळाला होता, तो कपाटात पडून होता. लिखाण अर्धवट ठेवून उठलो. पितळेच्या एकाच तुकड्यावर तीन थेंब ठेवले: ईपी ९०, सिलिंडर ऑइल, पॉलिब्यूटीन. ५५० अंशाच्या भट्टीत ठेवून काढला. ईपीच्या जागी काळा ठिपका, नखानं निघत नाही. सिलिंडर ऑइलचं तपकिरी कडं, बरोबर माझ्या पट्टीवर दिसतं तसंच. तिसऱ्या जागेवर थेंब कुठं ठेवला होता ते पेन्सिलच्या खुणेवरून शोधावं लागलं.

नुसतं पॉलिब्यूटीन घट्ट असलं तरी त्यात चरबीचा चिकटपणा नाही, त्यामुळे थोडं काही मिसळावं लागेल. ओलेइक ॲसिड नको, गनमेटलशी त्याचा हिरवा साबण होतो. ब्युटाइल स्टिअरेट पाच टक्के घालून सुरुवात करतोय, फक्त उजव्या वरच्या बुशला, डावीकडे सिलिंडर ऑइल तसंच. दोन्ही चॉकवर टेप लावलेलीच आहे, तापमानाची तुलना लगेच होईल. व्ही-रिंग तूर्त डब्यात.

अडचण एकच, पॉलिब्यूटीन विकणारे बॅरलखाली बोलत नाहीत. पाच लिटर देणारा कोणी माहीत असेल तर कळवा. आणि ग्रेड निवडताना ४० अंशाला व्हीजी ४६० च्या जवळचीच मागा, त्याहून वरची ड्रिप ऑइलरमधून उतरणार नाही.