किलोच्या भावाकडून मीटरच्या हिशेबाकडे : आमची वाटचाल

मुंबईत दारूखान्याच्या परिसरातलं आमचं बोटींच्या सामानाचं दुकान मासेमारीच्या बोटींवर उभं राहिलं. त्या धंद्यात नांगराची साखळी वजनावर जाते. जड असली की गिऱ्हाईक खूश. पुढे शिडाच्या छोट्या होड्यांचे मालक येऊ लागले आणि हिशेब बदलावा लागला, कारण सात-आठ मीटरच्या होडीला नाळेवरचा, म्हणजे पुढच्या टोकावरचा, प्रत्येक किलो जाणवतो. आता साखळी कापण्याआधी आमचा पहिला प्रश्न असतो, नांगर कुठे टाकणार?

होडीच्या लांबीआधी जागा विचारतो ती भरतीमुळे. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं. मालवण-गोव्याकडे हा फरक साधारण दोन-सव्वादोन मीटर. समजा ओहोटीला खोली ३ मीटर आहे आणि नाळ पाण्यापासून १ मीटर उंच. तळापासून नाळेपर्यंतच्या या चार मीटर उंचीची पाचपट म्हणून कुणी २० मीटर साखळी सोडली, तर ओहोटीला ती पुरते. पाणी साडेचार मीटर चढलं की उंची साडेआठ होते, आणि तेच २० मीटर सव्वादोन-अडीचपटच उरतात. ओढ वरच्या दिशेने येते, नांगराचा फाळ चिखलातून उचलला जातो आणि होडी वाहू लागते. म्हणून हिशेब नेहमी भरतीच्या पाण्यावर करायचा : सगळी साखळी असेल तर पाचपट, म्हणजे ४२-४३ मीटर, साखळी आणि दोर असेल तर सातपट, म्हणजे ६० मीटर. ओहोटीला हीच लांबी होडीला मोठ्या घेरात फिरवते, तेव्हा शेजारच्या होड्यांपासूनचं अंतर त्या घेराने मोजावं.

८ मिमी साखळीचं वजन मीटरला सुमारे १.४ किलो, १० मिमीचं २.२ ते २.३ किलो. साडेसात मीटरच्या होडीत ८ मिमीची ४५ मीटर साखळी म्हणजे ६३ किलो, तेही नाळेच्या टोकाला. होडी पुढे झुकते, लाटेत डोकं खुपसते. अशा होडीला आम्ही ८ मिमीची १५ मीटर साखळी आणि पुढे ५० मीटर नायलॉनचा दोर देतो. साखळीचे २१ किलो नांगराजवळची ओढ आडवी ठेवतात, तळाशी घासणंही तीच सोसते. जोराच्या वाऱ्यात साखळीचा झोळ ताणून सरळ होतो, तेव्हा झटका दोर लांबून झेलतो. ताकदीला १२ मिमी दोर पुरतो, पण ओल्या हातांनी ओढायला १४ मिमी बरा. प्रोपलीनचा (पॉलिप्रोपलीन प्लास्टिकचा) दोर इथे नको. तो तरंगतो आणि पंख्यात अडकतो. सगळी साखळीच ठेवणाऱ्यांनीही नाळेवर नायलॉनचा पाच-सहा मीटरचा तुकडा लावून ताण त्यावर घ्यावा.

ताकदीचं गणित सोपं आहे. एवढ्या होडीवर ३० नॉट (ताशी सुमारे ५५ किमी) वाऱ्यात साधारण सव्वादोनशे किलो ताण धरतात, आणि वारा दुप्पट झाला की ताण चौपट. ग्रेड ३० ची (ग्रेड म्हणजे पोलादाच्या ताकदीची प्रत) ८ मिमी साखळी सुमारे तीन टनांना तुटते, तिच्यावरचा रोजचा भार त्याच्या पाव, म्हणजे ८०० किलोच्या आसपास. कागदावर ६ मिमीही चालते. झीज आणि गंज धरला की माझ्या मते ती सहा मीटरपर्यंतच्या होड्यांनाच ठीक.

हार्डवेअरच्या दुकानातली चकचकीत साखळी घेऊ नका. तिच्यावर जस्ताचा अगदी पातळ थर असतो, खाऱ्या पाण्यात तो लवकर जातो. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेली साखळी करडी, खरखरीत दिसते, तीच घ्यायची. स्टेनलेस दिसायला देखणी, पण मुंबईच्या कोमट, काळ्या चिखलात हवा न मिळाल्याने तिला आतून भोकं पडतात आणि वरून कळत नाही.

विंडलास, म्हणजे साखळी ओढून घेणारं खाचांच्या चाकाचं यंत्र, असेल तर मोठी गफलत कडीच्या मापात होते. साखळीच्या मापांची दोन मानकं आहेत : १० मिमीच्या साखळीत डीआयएन ७६६ ची कडी आतून २८ मिमी लांब, आयएसओ ४५६५ ची ३० मिमी. दोन्ही ‘१० मिमी’च, पण चुकीची साखळी चाकाच्या खाचांत बसत नाही, उड्या मारते आणि भाराखाली सुटते. चाकावरचा कोरलेला आकडा वाचून या, किंवा जुन्या साखळीचा मीटरभर तुकडा आणा.

शॅकल, म्हणजे साखळी नांगराला जोडणारी पिनची कडी, शेवटच्या कडीतून जाईल तेवढी जाड पिन असलेली घ्यावी, आणि तिच्यावर भाराचा आकडा कोरलेला हवा. पिन तारेने बांधा. प्लास्टिकची पट्टी उन्हाने तडकते. स्विव्हल, म्हणजे साखळीचा पीळ सोडवणारा फिरता जोड, बहुतेकांना लागत नाही. लावायचंच तर नांगराच्या दांड्याला थेट नको, मध्ये दोन-तीन कड्या ठेवा, नाहीतर आडव्या ताणाने त्याचा जबडा वाकतो.

पावसाळ्यापूर्वी होडी वर काढली की साखळी गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, आणि टोकं उलटी करा. जिथे कड्या एकमेकींवर घासतात तिथे मापून पाहा. ८ मिमीची ७.२ वर आली की बाद. त्याआधी नुसता मुलामा गेला असेल तर पुन्हा जस्त चढवता येतं. मात्र परत आल्यावर प्रत्येक सांधा हलवून पाहा, कारण जस्ताचे गोळे कड्या चिकटवतात.

सगळी साखळीच घेणाऱ्याला आम्ही दोन-तीन मीटर १० मिमी दोरही देतो. साखळीचं आतलं टोक होडीला शॅकलने न जोडता या दोराने बांधायचं, आणि दोर डेकवर येईल एवढा लांब ठेवायचा. नांगर अडकला आणि मोठं जहाज अंगावर येत असलं, तर तो सुरीने कापता येतो.