गॅसवर शेकलेली हलगी

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तपासणीच्या कामावर आहे. बावीस वर्षं झाली. एस.जी. आयर्नचं, म्हणजे एका जातीच्या ओतीव लोखंडाचं, कास्टिंग हातात आलं की मोजमाप नंतर, आधी ते टांगून हातोडीनं ठोकून बघायचं. रसात मॅग्नेशियम नीट बसलं असेल तर आतलं ग्रॅफाइट गोल दाण्यांसारखं जमतं आणि तुकडा घंटेसारखा खणखणतो. कुठं बिघडलं असेल तर आवाज बद्द येतो. गाण्यातलं मला शास्त्र कळत नाही, पण खणखणीत काय आणि बद्द काय ते कळतं. त्या जोरावर गेलं वर्ष-दीड वर्ष मी कोल्हापुरातल्या छोट्या छोट्या कार्यक्रमांना जातोय, आणि तिथं जे ऐकलं ते लिहून ठेवावंसं वाटलं.

सुरुवात झाली ती एका वाईट रात्रीपासून. ८ ऑगस्ट २०२४ ला केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेलं ते थिएटर, त्याला लागूनच खासबागेचं मैदान. लहानपणी वडील मला खांद्यावर घेऊन खासबागेत कुस्तीला न्यायचे आणि नाटकाला शेजारी केशवरावात. माझ्या वयाच्या कोल्हापूरकराचं सगळं ऐकणं-बघणं त्या दोन जागांत झालेलं. सकाळी तिथं जाऊन उभा राहिलो, जळक्या लाकडाचा वास अजून येत होता. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. त्यानंतर मी कार्यक्रमांसाठी दुसऱ्या जागा शोधायला लागलो. मोठ्या नाही मिळाल्या. छोट्या मिळाल्या.

गेल्या जुलैतला एक शनिवार. राजारामपुरीत एका कॅफेच्या वरच्या खोलीत कार्यक्रम होता. तिकीट दीडशे रुपये, चहा धरून. माणसं अठरा. गाणारी मुलगी राधानगरीकडच्या गावातली, दिवसा एका दवाखान्यात कामाला, गाणी स्वतः लिहिते आणि स्वतःच चाल लावते. तिच्यासोबत मंगळवार पेठेतला एक पोरगा हलगीवर. गिटार आणि हलगी, बाकी काही नाही. नावं मुद्दाम देत नाही, नावांसाठी त्यांना विचारलेलं नाही.

बाहेर धो धो पाऊस आणि हलगी उतरलेली. कातड्यानं ओल धरली होती. टिपरू, म्हणजे वाजवायचा दांडू, मारलं की नुसतं ढप. पोरगा उठला आणि सरळ किचनमध्ये गेला. मला राहवलं नाही, मीही मागोमाग गेलो. आचाऱ्यानं तवा उतरवून बारीक गॅस करून दिला. पोरानं हलगी ज्योतीच्या वर वीतभर अंतरावर धरली आणि तव्यावर भाकरी फिरवावी तशी हळूहळू फिरवायला लागला. एका जागी थांबवली तर कातडं करपतं, म्हणाला. मधे मधे बोटानं टिचकी मारून कान जवळ न्यायचा. ढप. ढब. टब. कड्याच्या बाजूनं आवाज आधी चढला, मधला भाग मागं राहिला, मग तो मधल्या भागावरनं ऊब फिरवत राहिला. शेवटी एक टिचकी अशी वाजली की मी आणि तो एकदमच "झालं" म्हणालो.

"काका, तुम्ही वाजवता?" त्यानं विचारलं.

"नाही बाळा, मी लोखंड ऐकतो."

फायबरची हलगी असती तर हे काही करायला लागलं नसतं. नट आवळले की पाऊस असो, ऊन असो. मिरवणुकीला तीच सोयीची, आणि ती वाजवणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. पण तिचा आवाज वरच्या वरच टोकदार जातो. शेकलेल्या कातड्याला खाली एक गाभा असतो, तो बंद खोलीत अंगाला लागतो.

आणि त्या रात्री मला जन्मात पहिल्यांदा हलगीतली काडी ऐकू आली. उजव्या हातात टिपरू असतं आणि डाव्या हातात लांब, बारीक काडी. खासबागेत, तालमीच्या मिरवणुकीत, लग्नाच्या वरातीत आयुष्यभर हलगी ऐकली, पण तिथं सोबतीला घुमकं, कैताळ ही वाद्यं असतात, माणसांचा गलका असतो. लांबवर पोचतं ते टिपरूच. इथं मी चार फुटांवर बसलो होतो. ती मुलगी हळू आवाजात गात होती आणि पोरानं टिपरू जवळजवळ बंद ठेवून नुसती काडी चालवली होती. पत्र्यावर भुरभुर पाऊस पडावा तशी, तिच्या आवाजाच्या खालून, न थांबता. हलगी म्हणजे जोर, एवढंच आम्ही धरून बसलेलो. त्या पोरानं हलगीला कुजबुजायला शिकवलंय. हे मैदानात कळायचं नाही, मोबाइलवरही कळत नाही. मी नंतर रेकॉर्डिंग ऐकून बघितलं, काडी त्यात ऐकूच येत नाही.

गाणं रात्रपाळीवरनं घरी आलेल्या बापाचं होतं. दोनच ओळी देतो, तिची परवानगी घेतलीय:

सायकल दाराला, चिखल चाकाला,
झोपलाय बाबा माझा, उठवू नका त्याला.

चाल जात्यावरच्या ओवीच्या वळणाची, पण गिटारचे सूर आजचे. मी रात्रपाळी केलेला माणूस आहे. सकाळी आठला झोपलेलो असताना माझी लेक दाराशी बसून गल्लीतल्या पोरांना गप्प करायची, ते आठवलं. खोलीत कुणी चमचासुद्धा हलवला नाही.

दीड महिन्यानं हेच गाणं मी परत ऐकलं, सागरमाळाच्या बाजूला एका घराच्या गच्चीवर, चाळीसेक माणसांत. ओळ बदलली होती. आता ती "झोपलाय बा माझा, उठवू नगा त्याला" असं म्हणत होती. एक शब्द लहान झाला आणि तिथं तिनं श्वास घ्यायला जागा केली होती, त्या जागेत काडी वाजत होती. कार्यक्रमानंतर विचारलं. म्हणाली, "काका, घरात आम्ही बाच म्हणतो. पहिल्यांदा लोकांपुढं म्हणायला लाज वाटली. त्या दिवशी तुम्ही सगळे इतके शांत बसलात, मग वाटलं म्हणून टाकावं." म्हणजे आम्ही अठरा जण त्या गाण्यात कुठंतरी आहोत. हे मला फार मोठं वाटतं.

या शहराला हे नवीन नाही खरं तर. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते, जयपूर-अत्रौली घराणं इथं वाढलं, आणि त्या गाण्याच्या बैठका मूठभर लोकांपुढंच व्हायच्या. समोरच्याच्या मानेची हालचाल गाणाऱ्याला दिसेल एवढं अंतर. मधल्या काळात आपण मोठं स्टेज आणि मोठा स्पीकर म्हणजेच कार्यक्रम समजायला लागलो.

आणखी एक रात्र सांगायची आहे. तरुण पोरांचा एक बँड होता आणि त्यांनी यल्लम्माच्या एका जोगत्यांना चौंडकं वाजवायला बोलावलं होतं. मार्गशीर्षात सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला एसटी भरभरून माणसं जातात, तेव्हा चौंडकं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण ते वाजतं कसं ते मी कधी नीट बघितलं नव्हतं. लाकडी नळकांडं काखेत धरलेलं, त्याच्या तळाच्या कातड्यातून निघालेली तात एका हातानं ताणून धरायची आणि दुसऱ्या हातानं छेडायची. ताण वाढवला की सूर वर चढतो, सैल सोडला की माणूस हुंदका गिळतो तसा खाली येतो. बास गिटारवाला पोरगा सुरुवातीला भरपूर वाजवत होता. जोगत्यांनी एकदा त्याच्याकडं नुसतं बघितलं. त्यानं सूर कमी केले, मग आणखी कमी केले, आणि शेवटी एकाच सुरावर थांबून राहिला. तेव्हा दोन्ही वाद्यं एकाच घरातली वाटायला लागली.

आता पैशाचं, कारण त्याशिवाय हे टिकणार नाही. त्या मुलीची चार गाणी ऑनलाइन आहेत. स्पॉटिफायचा २०२४ पासूनचा नियम असा की मागच्या बारा महिन्यांत एखादं गाणं हजार वेळासुद्धा वाजलं नसेल तर त्याचे पैसे मिळत नाहीत. तिचं सगळ्यात जास्त वाजलेलं गाणं सहाशेच्या घरात आहे. म्हणजे शून्य. त्या पावसाळी रात्री अठरा तिकिटांचे सत्तावीसशे जमले, चहाचे गेले, उरलेले दोघांनी वाटून घेतले, आणि शंभराला एक असे सहा पेनड्राइव्ह खपले. त्यातला एक मी घेतला. कंपनीच्या बसमध्ये आता तोच वाजतो.

एका चॅनेलवाल्यांनी तिला त्या बाच्या गाण्याचे पाच हजार देऊ केले आणि सोबत सर्व हक्क लिहून देण्याचा कागद पाठवला. ती सही करणार होती. माझ्या मेहुण्यानं कागद वाचला, तो वकील आहे. त्यानं सांगितलं, २०१२ साली कॉपीराइटचा कायदा बदललाय. गाणं लिहिणाऱ्याचा आणि चाल बांधणाऱ्याचा रॉयल्टीतला वाटा असा सहीनं सोडून देता येत नाही, तो फक्त वारसाला किंवा गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएससारख्या संस्थेकडं देता येतो. तिनं ते चॅनेलवाल्यांना विचारलं, तर परत फोनच आला नाही. गाणं तिचं तिच्याकडं राहिलं. गाणाऱ्या-लिहिणाऱ्या प्रत्येक पोरापोरीनं हे माहीत करून घ्यावं, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

जागा देणाऱ्यांना एकच विनंती आहे. बारा बाय वीसच्या खोलीत मोठे स्पीकर लावू नका. गाणाऱ्याला एक माइक पुरतो. हलगीला तोही नको.

दिवाळीनंतर त्या दोघांचा पुढचा कार्यक्रम ठरवायचा आहे आणि या वेळी जागा बघायचं काम त्यांनी माझ्याकडं दिलंय. शाहूपुरीत एक हॉल बघितला, मंगळवार पेठेत एका तालमीची माडी बघितली. माडी मला आवडली, लाकडी तक्तपोशी आहे, टाळी वाजवली तर आवाज गोल येतो. तिला गिटारसाठी हात नसलेली खुर्ची पाहिजे, ती मी घरून नेईन. पोरानं फोनवर एवढंच विचारलं, "काका, खाली गॅस आहे ना?"