आकड्यांची वही

आज कपाट आवरताना २०२१ ची वही हाती लागली. रोज संध्याकाळी आकडे आले की त्यात उतरवायचे: आपल्या भागातले कोरोनाचे नवे रुग्ण, चाचण्या, पहिला डोस, दुसरा डोस. सोमवारी आकडा उतरला की बाबा खूश. त्यांना किती वेळा सांगितलं असेल, शनिवार-रविवारी चाचण्याच कमी होतात हो, सात दिवसांची सरासरी बघा! समासात शंभर चाचण्यांमागे किती बाधित, याचा हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली ५ टक्क्यांची रेघ (त्याखाली राहिलं तर साथ आटोक्यात) मी लाल पेनाने मारून ठेवली होती. तेव्हा रोज त्या रेघेवर जीव टांगलेला असायचा.

लसीकरणाचं पान मात्र फसवं. 'इतके डोस दिले' हा आकडा डोळ्यांत भरतो, पण डोस म्हणजे माणसं नव्हेत. दोन डोस झालेला माणूस त्यात दोनदा मोजलेला. हे माझ्या डोक्यात शिरायला महिना गेला (गणितात दिवे आधीपासूनच लावलेत). मग लोकसंख्येशी टक्केवारी काढायला लागलो आणि सगळा उत्साह मावळला.

मध्येच एक पान कोरं आहे. नुसती तारीख. त्या दिवशी आईचा रिपोर्ट आला होता.