हा मासा कुठल्या सड्यावरचा?

मागच्या पावसाळ्यात लॅपटॉपची एसएसडी, म्हणजे आतली डिस्क, कायमची बंद पडली. फोटो एकही गेला नाही. सगळ्या रॉ फाइल्स, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ फाइल्स, बाहेरच्या दोन हार्ड डिस्कवर होत्या, त्यातली एक बहिणीकडे चिपळूणला. गेली ती नावं. कुठला फोटो कुठल्या गावचा, कुठल्या सड्यावरचा (सडा म्हणजे कोकणातलं कातळाचं उघडं माळरान), वाट कोणी दाखवली, हे सगळं गेलं. तीन वर्षांचं.

माझा रत्नागिरीत स्टुडिओ आहे. लग्नांच्या कामातून वेळ मिळेल तसा, दिवाळीनंतर गवत वाळलं की, मी कातळशिल्पांचे, म्हणजे सड्यांवरच्या कातळात खोदलेल्या जुन्या चित्रांचे, फोटो काढायला जातो. त्यासाठीच फुजीचा जीएफएक्स १००एस जुन्यात घेतला. जांभ्यावर खोदलेली रेघ जेमतेम बोटभर खोल असते. दुपारी बारा वाजता माणूस त्यावर उभा राहिला तरी त्याला ती दिसत नाही. सूर्य नुकता वर आलेला असताना मात्र अख्खी आकृती उठून दिसते, आणि तो उजेड फार टिकत नाही. अशा वेळी हाताशी १० कोटी पिक्सेल असले की कातळावरचा एकेक खड्डा वेगळा पाहता येतो. कशेळी गावच्या सड्यावर कोरलेला हत्ती साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, त्याच्या पोटात आणखी प्राणी कोरलेत. तो एका फ्रेमचा विषयच नव्हे. एकावर एक येणाऱ्या फ्रेम काढत पुढे सरकायचं आणि घरी येऊन जोडायच्या.

१६ बिट, म्हणजे रंगछटा जास्त बारकाईने नोंदवणारी, कॉम्प्रेशन न करता घेतलेली एक फाइल २०० एमबीच्या वर जाते. दीडशे फ्रेमची एक सकाळ म्हणजे ३० जीबी. आता मी लॉसलेस कॉम्प्रेशन वापरतो. फाइल बरीच लहान होते आणि त्यातलं काहीही कमी होत नाही. याबद्दल मनात धाकधूक असेल तर सोडून द्या.

आता चूक कुठे झाली ते सांगतो. फोटो नीट लावून ठेवायला मी लाइटरूम क्लासिक हे सॉफ्टवेअर वापरतो. त्याचा कॅटलॉग म्हणजे दुकानातली खतावणी. माल गोदामात, खतावणीत फक्त कुठला माल कुठे ठेवलाय ते. मी गावांची नावं, कीवर्ड, टिपा, सगळं मन लावून भरत होतो, पण ते लिहिलं जात होतं खतावणीत. लाइटरूम बंद करताना बॅकअप घेऊ का विचारतं, त्यालाही मी दर वेळी हो म्हणायचो. तो बॅकअप, आपण जागा बदलली नाही तर, कॅटलॉगच्या शेजारच्याच फोल्डरमध्ये पडतो. म्हणजे त्याच एसएसडीवर. दोन्ही एकदमच गेले.

फाइलच्या नावांवरून शोधावं तर कॅमेऱ्याचे आकडे ९९९९ नंतर पुन्हा एकपासून सुरू झालेले. ४१२७ नंबरच्या दोन फाइल्स, दोन वेगळ्या तालुक्यांतल्या. फोल्डरना मी नावं दिली होती ‘कार्ड ३’, ‘सडा नवीन’.

उरली होती ती कॅमेऱ्याने प्रत्येक फाइलच्या आत लिहिलेली तारीख आणि वेळ. त्या तारखा घेऊन मी मोबाइलमधले फोटो काढून बसलो. चहाच्या टपरीचा फोटो, एसटीच्या पाटीचा फोटो, बरोबर आलेल्या पोरांचा फोटो. मोबाइलने प्रत्येकात ठिकाण नोंदवलं होतं. पंधरा रात्री बसून बहुतेक सकाळी कुठल्या गावच्या ते लागलं. एक सकाळ मात्र लागेना. त्या दिवशी मोबाइलवर एकही फोटो नाही. ४१ फ्रेम, आणि त्या सगळ्या एका माशाच्या.

प्रिंट काढून मी राजापूरकडच्या एका वाडीत घेऊन गेलो. तिथले एक आजोबा सड्यावर गुरं घेऊन जाणारे. त्यांनी प्रिंट दोनदा फिरवून पाहिली आणि म्हणाले, “ह्यो आमचा नाय. आमच्या माशाचं तोंड समुद्राकडं.”

घरी येऊन फ्रेम शंभर टक्क्यांवर उघडली. वेळ सकाळची ६:५२. खोदलेल्या रेघेत सूर्याच्या बाजूचा काठ काळा दिसतो, कारण सावली त्याचीच पडते. माशाच्या तोंडापाशी बाहेरचा काठ काळाभोर होता. म्हणजे तोंड उगवतीला. आजोबांनी कागद बघून सांगितलं, ते मला दोन तास लागून कळलं.

आता लाइटरूममध्ये बदल आपोआप एक्सएमपी नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहायची सोय चालू ठेवली आहे. मुळात ती बंद असते. ती चालू केली की प्रत्येक रॉ फाइलच्या शेजारी काही केबींची छोटी फाइल तयार होते आणि कीवर्ड, टिपा, ठिकाण सगळं तिच्यात जातं. कलेक्शन (लाइटरूममध्ये केलेले फोटोंचे गट) आणि व्हर्च्युअल कॉपी (एकाच फोटोच्या नुसत्या कॅटलॉगमधल्या प्रती) तिच्यात जात नाहीत, म्हणून गावाचं नाव कलेक्शनला न देता कीवर्डमध्येच लिहितो, देवनागरीत. बाकीचे कीवर्डही तसेच: सडा, मासा, पाकट (चपटा, लांब शेपटीचा मासा), गवा. फाइलचं नाव कार्ड उतरवतानाच बदलतो: तारीख, गाव, नंबर. कॅटलॉगचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर जातो.

आणि कुठल्याही सॉफ्टवेअरवर न विसंबता एक गोष्ट करतो. प्रत्येक ठिकाणी पहिली फ्रेम पाटीची. जाड मार्करने गाव, सडा, तारीख, वाट दाखवणाऱ्याची हरकत नसेल तर त्याचं नाव, आणि उत्तरेचा बाण. देवाचे गोठणे या गावी बाण होकायंत्रावरून काढत नाही, तिथल्या कातळावर सुई भलतीकडेच वळते. तिथे सूर्यावरून काढतो.

त्या ४१ फ्रेम अजून ‘मासा, पत्ता नाही’ याच फोल्डरमध्ये आहेत. तुमच्या गावच्या सड्यावर असा मासा असेल तर कळवा: हातभर लांब, तोंड उगवतीला, पोटावर तिरकी चीर, शेपटीजवळ रुपयाएवढा पांढरा दगडफुलाचा डाग. दिवाळीनंतर मी येतो.