भिवपुरीच्या खाचरात सुरळीतली अळी

ऑगस्टमधल्या रविवारी दुपारच्या कर्जत लोकलने भिवपुरी रोडला उतरलो. धबधब्यावर जाणारी गर्दी एकीकडे वळली, मी भाताच्या बांधाकडे. पाण्यात राहणारी पतंगाची अळी बघायची होती. कोकणात हिला सुरळीतली अळी म्हणतात. शास्त्रीय नाव पॅरापॉइंक्स स्टॅग्नालिस. जुन्या पुस्तकांत निम्फुला डेपंक्टॅलिस सापडेल.

पहिला तास फुकट गेला. मी खाचराच्या मधोमध नजर लावून बसलेलो. शेवटी शेतातल्या काकी म्हणाल्या, "तिथं काय बघतोस? वारा कुठं जातोय ते बघ." वाऱ्याने ढकललेल्या कोपऱ्यात कात्रीने कापल्यासारखे हिरवे तुकडे तरंगत होते. मला आधी कचराच वाटला.

अळी भाताच्या पात्याचं टोक कापते, त्याची सुरळी करून आतून रेशमाचं अस्तर लावते आणि दिवसा त्यातच तरंगत राहते. रात्री सुरळीसकट, आत पाणी घेऊन रोपावर चढते आणि पात्यातला हिरवा गर खरवडते. मागे उरतो तो पांढरा, कागदासारखा पापुद्रा.

एक सुरळी आइस्क्रीमच्या पांढऱ्या कपात पाणी घालून ठेवली आणि टाचणीने उकलली. आत फिकट हिरवी, जवळजवळ पारदर्शक अळी. भिंगातून दोन्ही अंगांना पांढऱ्या धाग्यांची झालर दिसली. ते तिचे कल्ले. तळहातावर घेतली तर सगळे धागे अंगाला चिकटून जातात, काही कळत नाही. तेव्हा कप विसरू नका.

लावणीनंतर तीन-चार आठवड्यांनी जा, आणि शेतात पाणी उभं आहे ना ते आधी विचारा. कारण अळी दिसली की शेतकरी रॉकेलमध्ये भिजवलेला दोर पिकावरून ओढतो, सुरळ्या पाण्यात पडतात, मग दोन-तीन दिवस पाणी काढून टाकतो. पाणी गेलं की अळी संपली, तुमची फेरीही. विचारल्याशिवाय बांधावर पाय ठेवू नका. पायाला जखम असेल तर चिखलात उतरूच नका, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते. आणि कप शेजारच्या खाचरात रिकामा करू नका! मी करणार होतो. काकींनी असं बघितलं की मुकाट्याने जिथून घेतलं तिथेच ओतलं.

पतंग शोधत मात्र फिरू नका, तो रात्री दिव्यावर येतो. परतीच्या लोकलची वाट बघताना फलाटाच्या ट्यूबलाइटखाली भिंतीवर नखाएवढा पांढरा, तपकिरी ठिपक्यांचा एक बसला होता. तोच असावा. भिंग काढेपर्यंत शेजारच्या काकांनी रुमालाने हाकलला.