‘गुडघाभर चिखल’ आणि वाया गेलेलं उधाण

गळ टाकायला तीन दिवस काढले होते. पहिला दिवस नेहमीच्या खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवर, मजेत गेला, त्यामुळे त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते दुसऱ्या दिवसाचं.

त्या दिवशी पौर्णिमेचं उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती-ओहोटी होती. पाण्याला ओढ जबरदस्त. खडपावर हमखास मासा देणारा असा दिवस मी नव्या जागेवर उधळला. उपग्रहाच्या नकाशावर खाजणातून (खाडीकाठच्या दलदलीतून) बाहेर पडणारा एक ओहोळ हेरला होता. तोंडाशी पाणी गडद, एका कडेला कालवांचा पट्टा. ओहोटीला आतली कोळंबी, बोयची पिल्लं अशाच तोंडातून बाहेर येतात आणि मोठा मासा तिथे दबा धरून असतो. तर्कात चूक काहीच नव्हती. वाट सांगणारा म्हणाला, "गुडघाभर चिखल आहे, पाच मिनिटांत पलीकडे."

तो बहुतेक भरतीला होडीतून गेला असावा. दोनशे पावलांच्या त्या चिखलाने माझा सवा तास खाल्ला. पहिली पन्नास पावलं खरोखर गुडघाभर. मग करडा चिखल काळा आणि चकचकीत होतो, खेकड्यांची बिळं दिसेनाशी होतात. ती दिसेनाशी झाली की मागे फिरा. मी फिरलो नाही आणि मांडीपर्यंत गेलो. अशा वेळी पाय सरळ वर ओढला की चिखल बूट धरून ठेवतो आणि सगळा भार दुसऱ्या पायावर येऊन तो आणखी खाली जातो. आधी टाच हलवून आत हवा शिरू द्यायची, पुढे झुकून दुसरा गुडघा चिखलावर टेकायचा, मग पाय हळूहळू मागे काढायचा. आधाराला काठी न्या, रॉडवर भार टाकलात तर तो मोडेल. एवढं करूनही माझा डावा बूट आतच राहिला. नाड्या सैल होत्या. पुढे मोज्यावरच कालवांवर चढलो आणि टाच चिरली.

ओहोटीच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत जवळपास निम्मं पाणी निघून जातं. त्यातलाच वेळ मी बूट चाचपडण्यात घालवला. पोचलो तेव्हा ओहोळात घोटाभर पाणी. नकाशावर गडद दिसत होती ती खोली नव्हतीच, तळाचं गवत होतं! मिळाला एक शिंगाळा, तोही काढताना काटा बोटात जाता जाता राहिला. त्या काट्यात विष असतं, पक्कड जवळ ठेवाच. आणि परतताना तोच चिखल, पाठीमागे भरती. वारा समुद्रावरून जोरात असेल तर पाणी भरतीच्या तक्त्यातल्या आकड्यापेक्षा जास्त चढतं, हेही धरून चाला.

तर माझं स्पष्ट मत: उधाणाची ओहोटी नव्या जागेवर खर्च करू नका. नवी जागा बघायची तर पाणी तळाला गेलेलं असताना, रॉड घरी ठेवून, फक्त बघायला जा. खड्डे, दगड, कालवं, परतीची वाट, सगळं तेव्हाच उघडं असतं. मासेमारी नंतर. पाचातल्या चार फेऱ्या जुन्या जागेला, एक नवीला, यापेक्षा जास्त नको. (टाच दुखत असताना लिहितोय, बरी झाली की कदाचित तीन-दोन म्हणेन.)

तिसऱ्या दिवशी लंगडत खडपावर उशिरा पोचलो. ओहोटी संपून पाणी चढायला लागलं होतं. एरवी मी या वेळी सामान आवरतो. पण चालायचं त्राण नव्हतं म्हणून बसल्या जागेवरून दुसऱ्या अंगाला, घळीकडे गळ टाकला. ओढ उलटी, फेस उलट्या बाजूला. तिसऱ्याच फेकीला तांबोशीने रॉड वाकवला, दगडाखाली शिरायला बघत होती, लीडर (गळाजवळचा जाड दोरा) खरवडून निघाला, पण आली. मग अजून दोन. इतकी वर्षं ती जागा मला फक्त ओहोटीची ठाऊक होती. भरतीतलं तेच खडप म्हणजे बिनचिखलाची नवी जागा!

अमावास्येच्या उधाणाला भरतीच्या वेळा जवळपास याच येतील, तेव्हा तिथेच त्या घळीवर बसणार आहे. ओहोळाकडे कोणाला जायचंच असेल तर वाट सांगेन, पण गुडघाभर म्हणणार नाही. डावा बूट सापडला तर कळवा, उजवा अजून चांगला आहे.